वाकून काढलेला फोटो

जठारपेठ, अकोला
२० ऑक्टोबर २०२३

ललिता,

मायना-बियना मले येत नाही. चौथीत शाळा सुटली ते सुटली. तवा सरळच सांगते. तुह्या कमरेचे फोटो आले. ह्या मोठ्या पाकिटात फिल्लमी पाठवून राहिली अन् हा कागद त्यातच घातला. फोन लावला का गोपाल उचलते अन् म्हणते, "ताई, ती निजली हाय." दिवसाउजेडी कोण निजते बाई? म्हणून लेहा लागून राहिलं.

काही नाही निघालं तुह्या कमरेत. चार फोटो हायेत. एक समोरून, एक बाजूनं सरळ उभं राहून, एक पुढे वाकून अन् एक मागे वाकून. तुह्या अमरावतीच्या डॉक्टरनंच म्हटलं होतं ना, का मणका ढिला असंन तर तो सरळ उभ्या माणसात दिसत नाही, वाकल्यावर सरकते, तवा वाकून काढा. घे, इथं अकोल्यात काढले. ते बी कोण्या परक्यानं नाही, माह्या देवमनदादानं. तुह्या नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ, तुहा भासरा. एकोणतीस वर्षांपासून तो एक्सरेच काढून राहिला. त्याच्या डॉक्टरनं फिल्लमी पाहून लेहून देल्लं का वाकल्यावर बी मणका जागचा हालत नाही. इंग्रजीत हाय, दादानं मले वाचून सांगतलं.

पापड लाटणाऱ्या बाया बसल्या होत्या, मी खिडकीच्या उजेडात धरून त्यायले फिल्लम दाखवली. जमुना म्हणे, "काय स्वच्छ मणके हायेत हो, डाळीच्या वड्यांसारखे एकाखाली एक." पौर्णिमा म्हणे, "मंग त्या कण्हतात कायच्यानं?" मी म्हटलं, त्या बिमारीचं नाव आराम. लाटणे सोडून हासल्या सगळ्या.

राग येत असंन तर येऊ दे. तीन महिन्यांपासून माहा भाऊ गोपाल झाडू मारून राहिला, पोळ्या लाटून राहिला. असा मी त्याले आमच्या मायच्या घरी कधी पाहिला नाही. मी त्यालेही सांगतलं, का भांड्यावरची बाई बंद कर, तुह्या बायकोले काही झालं नाही.

आता दिवाळी बारा तारखेले हाय. पापड तर हायेच, वरून चकली, अनारशाची मागणी जठारपेठेतल्या चार दुकानांतून आली. दरवर्षी तू येते, यंदा बी ये. तीस तारखेच्या सकाळच्या एसटीत बस. निजायचं असंन तर दिवाळी झाल्यावर निज.

शकुन


राजापेठ, अमरावती
२५ ऑक्टोबर

ती. शकुनबाईंले ललिताचा नमस्कार.

पाकीट भेटलं. आमच्या यायनं फिल्लमी पाहिल्या, कागद पाहिला अन् कपाटावर ठेवून देल्लं सगळं. दुसऱ्या दिवशी भांडेवाली आली नाही, तवा मी समजली.

बाई, तुमी म्हणता नाही काही, तर नसंन. पण सकाळी उठाचं म्हटलं का मले आधी कुशीवर यावं लागते, मंग पलंगाची पाटी धरून पाय खाली सोडावे लागतात. खाली वाकली का वर येताना मधातच अटकते. आपल्याच मांडीवर हात ठेवत-ठेवत वर येते, जशी कोणाच्या विहिरीतून चढून राहिली. दोन आठवड्यांपासून उजव्या अंगठ्यात मुंग्या आहेत. हे फोटोत दिसत नाही म्हणता, तर मी कुठं दाखवू?

फोनवर बोलत नाही म्हणून राग मानू नका. तुमी फोन स्पीकरवर लावून पोळपाटाजवळ ठेवता. मी कण्हली तरी दहा बाया ऐकतात. कागद बरा आहे, एकाच माणसानं वाचायचा असते.

फोटो काढाच्या दिवशी त्या खोलीत जे झालं... जाऊ द्या. ते लिहाजोगं नाही.

तीस तारखेले येते.

ललिता


जठारपेठ, अकोला
७ नोव्हेंबर

ललिता,

अशी न सांगता कोणी जाते काय माणसाच्या घरून? सकाळी पाहते तर गादीची घडी करून ठेवली, वरून चादर बी, अन् तू गायब. मी स्टँडवर माणूस पाठवला, तवा समजलं का तू सहाच्या एसटीनं गेली. जठारपेठेत माहं नाव हाय. बाया इचारून राहिल्या, "भावजय कुठं गेली?" मी काय सांगू?

झालं काय होतं? तुले मी म्हटलं, तेलाचा पिपा चुलीजवळ आण. तू म्हणे, "बाई, पौर्णिमाले सांगा ना." पौर्णिमाचे हात पिठात होते. मी म्हटलं, फोटो तुहेच स्वच्छ निघाले, तूच उचल. उचलला तू. दोन पावलं चालली अन् बसलीच. पिपा आडवा झाला, तेल पाऽर दारापर्यंत गेलं. चकलीचं पीठ बुडालं.

मी म्हटलं, "उठ, नाटक पुरं झालं." म्हटलं ते म्हटलं. दहा बायांसमोर म्हटलं. कामाच्या गर्दीत माणसाच्या तोंडून निघते. त्यात तू रडत बी नव्हती. नुसती आपल्या पायाकडे पाहून राहिली होती, जसा तो कोण्या दुसऱ्याचा पाय हाय. त्यानं माहं डोस्कं अजून फिरलं.

गोपालले मी फोनवर सगळं सांगतलं. तो म्हणे, "ताई, आता मी तिच्या कण्हण्याकडे पाहणारच नाही." बरोबर बोलला.

फराळाचा डबा पाठवणार होती, पाठवत नाही. तुहे तूच कर.

शकुन


राजापेठ, अमरावती
२२ नोव्हेंबर

ती. शकुनबाईंले नमस्कार.

दिवाळीत लिहायचं नव्हतं मले. दिवाळी होऊ देल्ली.

तुमच्या घरून निघाली तवा वाटलं होतं घरी पोचली का बरं वाटंन. अमरावतीच्या स्टँडवर एसटीच्या तीन पायऱ्या मले उतरता आल्या नाही. कंडक्टरनं अन् एका म्हाताऱ्या बाईनं उतरवलं. हे घ्यायले आले होते. म्हणाले, "अकोल्याचं नाटक कमी झालं काय, आता स्टँडवर?" तुमचाच शब्द होता बाई, फोनमधून माह्या आधी पोचला.

भाऊबीजेले माहा भाऊ विपुल आला. त्याले ओवाळून उठताना मी अटकली. हातात ताट, दिवा पेटता, अन् मी अर्धी वाकलेली, ना खाली जाता येते ना वर. विपुलनं ताट घेतलं, मले धरून उभं केलं अन् दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. अकोल्याच्या फिल्लमी सोबत नेल्या.

डॉक्टरनं काय केलं सांगते. पुढे वाकून काढलेली फिल्लम घेतली, मागे वाकून काढलेली घेतली, अन् दोन्ही एकावर एक ठेवून उजेडाच्या पाटीवर लावल्या. मणक्यावर मणका बरोबर बसला. जशी एकच फिल्लम आहे. मंग माह्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही वाकल्या कुठं?"

माहे कान तापले.

ते म्हणाले, मणका ढिला आहे का नाही ते माणूस पुरा वाकल्यावरच दिसते. पुढे वाकल्यावर एक मणका दुसऱ्यावरून किती सरकते अन् मागे वाकल्यावर किती परत येते, ते मोजावं लागते. माणूस वाकलाच नाही तर फोटो कितीही स्वच्छ निघो, त्यातून काहीच समजत नाही. अन् समजलं असं धरून चाललं तर आणखी वाईट.

तिथं फोटो काढाले कहकशाँ नावाची बाई आहे. आपल्या वयाची असंन. तिनं दार लावलं, कडी घातली. मले म्हणे, "दीदी, कमरेचा करदोडा काढा, फोटोत येते. दवाखान्याच्या झग्याच्या नाड्या मी बांधून देते, मागून काही उघडं राहणार नाही. आता खुर्ची धरून वाका. दुखलं तर थांबा, शरमेनं थांबू नका." मी थोडी वाकली. म्हणे, "अजून." अजून वाकली. म्हणे, "दुखून राहिलं का शरम येऊन राहिली?" मी म्हटलं शरम. म्हणे, "मंग अजून." चार वेळा म्हटलं तिनं. एकदाही चिडली नाही.

मणका सरकते बाई. चौथा पाचव्यावरून पुढे जाते. डॉक्टरनं पट्टी लावून मोजलं, सुताराच्या मापानं म्हटलं तर दोन सूत, म्हणजे पाव इंच. सरळ उभी राहिली का आपल्या जागी येऊन बसते, जसं काही झालंच नाही.

आता ते लिहिते, जे त्या दिवशी सोडून देल्लं.

माहं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली. भासऱ्यांसमोर मी डोक्यावरचा पदर कधी पडू देल्ला नाही. त्यायच्यासोबत एक वाक्य बोलली नाही. त्यायच्या खाटेवर कधी बसली नाही. तुमीच शिकवलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. अन् फोटो काढाले त्यायच्याच एक्सरेच्या खोलीत तुमी मले नेलं, म्हणे घरचा माणूस आहे, लवकर होईन. तो झगा मागून उघडा. भासरे काचेच्या मागं. अन् तुमी दार ओढून घेताना म्हटलं, "ललिता, भासरा हाय समोर. डोक्यावरचं पडू देऊ नको, अन् फार वाकू नको, मागून दिसते." तुमचाच दुपट्टा देल्ला डोक्यावर घ्याले.

एका हातानं मी दुपट्टा धरला, एका हातानं झगा. असं धरून कोण वाकते? भासरे म्हणाले, "वाका." भिंतीकडे पाहून म्हणाले. मी मान वाकवली. मशीनचा आवाज आला. मंग म्हणाले, "मागे." मी हनुवटी वर केली. झालं. कमर होती तिथंच होती.

मले वाटलं, एवढ्यातच दिसत असंन. मशीन आहे, तिले समजत असंन.

आता डॉक्टर म्हणतात, पट्टा लावा, व्यायाम शिकवतो तो करा, वजन बिलकुल उचलू नका, दीड महिन्यानं पाहू. पाय लुळा पडू लागला तर मंग ऑपरेशन. पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, "देवमनदादा खोटा अन् हा डॉक्टर खरा? आपल्या माणसानं काढलेला फोटो खोटा कसा असंन? याले कापाकापी करायची असंन." आमचा नळ खाली आहे, घर वर. पंधरा पायऱ्या. घागर मीच आणते.

माहं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतात. तुमी त्यायले फक्त तेवढं सांगा, जे दारातून म्हटलं. दुसरं काही मागत नाही.

ललिता


जठारपेठ, अकोला
२९ नोव्हेंबर

ललिता,

पत्र भेटलं. कमरेचा पट्टा पाठवून राहिली, चांगल्या दुकानातला हाय, आत पट्ट्या हायेत पोलादाच्या. लाव. सोबत तेलाची शिशी हाय, ते कोमट करून लाव.

दारातून मी काय म्हटलं ते मले आठवत नाही. त्या दिवशी गडबड होती, घरी पीठ भिजवून आली होती. म्हटलं बी असंन काही, पदर-बिदर सांभाळ म्हणून, ते तर कोणी बी म्हणते. वाकू नको असं मी कायले म्हणंन? मी का येडी हाय?

अन् आता देवमनदादाचं नाव मधात आणू नको. त्याची नोकरी हाय. दोन भावांत भांडण लावून तुले काय भेटणार? गोपालले समजवायचं असंन तर गोडीनं समजव.

पट्टा घट्ट बांध.

शकुन


राजापेठ, अमरावती
८ डिसेंबर

ती. शकुनबाईंले नमस्कार.

पट्टा भेटला. मले मोठा होते. तुमच्या मापानं घेतलेला दिसते. आतून टॉवेल घालून बांधते.

परवा नळावरून घागर घेऊन वर आली. घागर ठेवली अन् पाहते तर उजव्या पायात चप्पल नाही. खाली जाऊन पाहिलं, तर ती पहिल्याच पायरीवर पडलेली. पंधरा पायऱ्या मी एका चपलेनं चढली अन् मले समजलं नाही.

यायले सांगतलं नाही. म्हणतील, आता चपलेचं नाटक.

तुमाले आठवत नसंन तर राहू द्या. मले आठवते.

ललिता


जठारपेठ, अकोला
१७ डिसेंबर

ललिता,

तुहं पत्र मी बायांसमोर उघडलं नाही. आतल्या खोलीत जाऊन दार लावून वाचलं. मंग आठ दिवस लेहाले बसून उठून राहिली. हा पाचवा कागद हाय.

खोटं लेहिलं मी. मले आठवत होतं. तू लेहिलं तसंच्या तसं म्हटलं होतं मी, एक शब्द इकडचा तिकडं नाही. अन् तुह्या पत्रानं नाही आठवलं. तू पिपा टाकून बसली अन् पायाकडे पाहाले लागली ना, तवाच आठवलं होतं, का ही त्या दिवशी वाकलीच नव्हती, मीच म्हटलं होतं वाकू नको. आठवलं म्हणूनच जोरानं ओरडली. बायांले ऐकू जावं म्हणून नाही, माहं मलेच ऐकू येऊ नये म्हणून.

अजून एक हाय. फोटो स्वच्छ आले तवा मले बरं वाटलं होतं. तुह्यासाठी नाही. चकल्यांसाठी. तू बिमार निघाली असती तर दिवाळीत भट्टीपाशी कोण बसलं असतं? मले तुहे हात पाहिजे होते. म्हणून मी तो कागद खरा मानला अन् तुले खोटी मानलं.

बुधवारी मी देवमनदादाकडे गेली. जेवणाची सुट्टी होती, कोणी नव्हतं. म्हटलं, "दादा, मले तठी उभी कर जठी ललिताले उभी केलं होतं. मशीन चालू करू नको." तो म्हणे, "काहून?" म्हटलं, "कर म्हणते ना." खुंटीवरचा झगा मीच काढून घातला. तो काचेमागं गेला. म्हटलं, "आता म्हण." तो म्हणे, "शकुन, कायले…" म्हटलं, "म्हण."

तो म्हणे, "वाक."

माहा सख्खा भाऊ हाय तो. एका ताटात जेवलो, एका गोधडीत निजलो. मी बावन्न वर्षांची बाई, दहा बायांवर हुकूम चालवते. ललिता, मी वाकू शकली नाही. दोन्ही हात आपोआप मागं गेले अन् झगा धरून बसले. कमरेत काही दुखत नव्हतं माह्या. तरी नाही वाकू शकली. मान तेवढी खाली गेली. अन् तुह्यासमोर तर तो भासरा. वरून मी दारातून वाकू नको म्हणून सांगून गेलेली.

मी म्हटलं, "दादा, तुले माहीत होतं का ती वाकली नाही?"

तो रुमालानं काच पुसत होता. काच स्वच्छच होती. म्हणे, "माहीत होतं. मी रोज वीस माणसं वाकवतो. हात गुडघ्याच्या खाली गेले नाही तर पुन्हा म्हणतो, अजून वाक. दुखत असंन तर डॉक्टरले लेहून देतो का पेशंट वाकत नाही, ह्या फोटोवर जाऊ नका. तिले पुन्हा कसं म्हणू? भावसून हाय. एकदा म्हटलं तेवढंच माह्या तोंडातून कसं निघालं मले माहीत. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. बटन दाबलं अन् फिल्लमवर लेहून देल्लं, पुढे वाकून, मागे वाकून."

मी म्हटलं, "अन् डॉक्टर?"

"डॉक्टरनं फिल्लम पाहिली. तिले कुठं पाहिलं? ते मी सांगायचं होतं."

बाकावर बसला तो. मी त्याले रडताना मायच्या मयतीत बी पाहिलं नव्हतं. म्हणे, "एकोणतीस वर्षांत एक फोटो मी डोळे बंद करून काढला, अन् तो घरचा."

मी म्हटलं, "मंग तू गोपालले सांग." तो म्हणे, "मी माहं सांगतो, जाऊन सांगतो. पण तुहं तू सांग. तोंड तुहं होतं." खरं बोलला.

काल बायांले सांगतलं. पापड लाटता-लाटताच सांगतलं, का ललिताची कमर खरंच सरकलेली हाय अन् फोटो माह्यामुळं खोटा निघाला. मले वाटलं गलका करतील. कोणी लाटणं थांबवलं नाही. जमुना म्हणे, "मले त्या दिवशी तिचा पाय पाहूनच वाटलं होतं." मी म्हटलं, "मंग बोलली काहून नाही?" म्हणे, "तुमाले कोण बोलणार, बाई?"

त्यावर पौर्णिमा हासली बी नाही. खाली मान घालून पापड लाटत राहिली.

ह्या पाकिटात दुसरा कागद हाय, तो गोपालचा. फोनवर सांगणार होती. दोनदा लावला, दोनदा त्याचा आवाज ऐकून बंद केला. तू आधी वाच, मंग त्याले दे. पटलं नाही तर फाडून… नाही, फाडू नको. दे.

माफी-बिफी मी लेहित नाही. तुह्या जिन्यातली चप्पल मले दिसून राहिली, त्याच्यासमोर तो शब्द लेहाले मले अजून लाज वाटते.

शकुन

(गोपालचा कागद)

गोपाल,

हे उभ्यानं वाचू नको, बस.

ललिता खोटं बोलत नाही. कधीच बोलत नव्हती. अकोल्याच्या फोटोत ती वाकली नाही, कारण मी दारातून तिले वाकू नको म्हटलं. दादाले माहीत होतं, तो लाजेनं गप राहिला. मले माहीत होतं, मी मतलबानं गप राहिली. आमी दोघं तुह्याच रक्ताचे, म्हणून तू आमचं ऐकलं. ती परक्या घरून आलेली, म्हणून तिचं नाही ऐकलं.

नाटक हा शब्द माहा हाय. तो मले परत पाठव. तिच्यासाठी वापरू नको.

घागर तू आण. आज संध्याकाळपासून आण. अन् डॉक्टर जे म्हणते ते कर. तिच्या पायातून चप्पल निघून पडते अन् तिले समजत नाही, हे तुले तिनं सांगतलं नाही. मले सांगतलं. का नाही सांगतलं ते तुहं तू समज.

शकुनताई


राजापेठ, अमरावती
२ जानेवारी २०२४

शकुनबाईंले नमस्कार.

दोन्ही कागद वाचले. यायचा कागद यायले देल्ला. बसून वाचला, तुमी लिहिलं होतं तसा. दोनदा वाचला. मंग उठले, घागर घेतली अन् खाली गेले. परत आले तर घागर अर्धीच भरलेली. म्हणाले, "खरंच पंधरा पायऱ्या हायेत." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोजल्या त्यायनं.

तो शब्द तुमाले परत पाठवत नाहीत. म्हणतात, मीही वापरला आहे, अर्धा माहा आहे.

भासरे आले होते रविवारी. मी पलंगावर होती. उठली नाही. डोक्यावर पदर घेतला नाही, घेता आला असता तरी घेतला नाही. त्यायनंच मान खाली घातली. खुर्ची देल्ली तर बसले नाहीत. म्हणाले, "ललिताबाई, मी वाका म्हणून पुन्हा म्हणायले पाहिजे होतं." एवढंच. एकोणीस वर्षांत त्यायनं माह्या नावानं मले हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "हो, पाहिजे होतं." मंग यायनं चहा केला अन् तिघंही पिलो.

आता डॉक्टरचं. पाय दाखवाले उशीर झाला म्हणतात. दोन महिन्यांआधी पट्टा अन् आराम पुरला असता, आता ऑपरेशन करा लागते. अकरा तारखेले आहे. अंगठा पुरा उठंन का नाही, ते आज सांगता येत नाही म्हणाले. हे मी तुमाले घाबरवाले लिहून नाही राहिली. तुमी सगळं लिहिलं, तर मीही सगळं लिहिते.

यायले तुमी फोनवर सांगतलं, "मी येते, पण ललिता येऊ देईन काय, ते इचार." त्यायनं इचारलं. हो म्हणायले मले दोन दिवस लागले. मले अजून तुमचा आवाज ऐकला का तेलाचा वास येते.

पण या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकदा वाकून फोटो काढायचा आहे. कहकशाँबाईच काढणार आहेत. त्यायले मी तुमचं सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, सोबत बाई आत येऊ शकते, शिशाचा एप्रन घालावा लागते, जड असते. मी म्हटलं, त्यायले जमंन.

एकच सांगते. खोलीत यायचं तर पुरं आत या, अन् मी पडली तर मले धरा. नाही तर बाहेरच्या बाकावर बसा. दारात उभ्या राहू नका.

ललिता